सूर चढवला म्हणून बाईचा आवाज होत नाही

‘हार्मोन सुरू केले की आवाज आपोआप बारीक होईल’ ही समजूत पारलिंगी मुलींमध्ये अजून टिकून आहे, त्यांच्या आयांमध्ये तर जास्तच. ती चुकीची आहे. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे एकदा स्वरयंत्र वाढलं, स्वरतंतू लांब आणि जाड झाले, की ते मागे फिरत नाही. इस्ट्रोजेनने कातडी मऊ होते, छाती भरते. आवाज तिथल्या तिथे राहतो. उलट्या बाजूला तसं नाही. पारलिंगी पुरुषाने टेस्टोस्टेरॉन घेतलं की काही महिन्यांत त्याचा आवाज फुटतो. म्हणजे आवाजाची मेहनत येते ती मुख्यतः पारलिंगी स्त्रीच्या वाट्याला.

मग ती सूर चढवून बघते. मोठ्या पुरुषाच्या बोलण्याचा सूर साधारण १०० ते १३० हर्ट्झ, बाईचा १८० ते २२०. सा १२० वर धरला तर २०० म्हणजे बरोबर शुद्ध धैवत. तेवढं चढणं बहुतेकींना जमतं. पण ऐकणाऱ्याला बाई ऐकू येत नाही, उंच पट्टीत बोलणारा पुरुष ऐकू येतो. याचं कारण स्वरतंतूंच्या वर आहे. तिथून ओठांपर्यंतची पोकळी पुरुषात सुमारे १७ सेंटिमीटर असते, बाईत १४-१५. एकाच सुरात आधी घागरीत आणि मग तांब्यात तोंड घालून ‘आ’ म्हणून पाहा. सूर तोच, घुमणं वेगळं. म्हणून खरं शिकायचं ते घुमणं: स्वरयंत्र किंचित वर घेणं, जीभ पुढे ठेवणं, ओठ थोडे फाकवणं. सूर १६०च्या पुढे गेला की नुसतं आणखी चढवून फारसं हाती लागत नाही.

वयात येण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी यांचा सूर जवळपास सारखाच असतो, तरी नुसत्या आवाजावरून ऐकणारे बऱ्याचदा ओळखतात. म्हणजे बायकी आवाजाचा मोठा भाग शरीराचा नाही, ऐकून उचललेला आहे. आणि उचलायचा तर कोणाकडून, हा प्रश्न मुंबईच्या लालबागमध्ये फार गमतीचा होतो.

त्याआधी शस्त्रक्रियेबद्दल थोडक्यात. वेंडलर पद्धतीत स्वरतंतूंचा पुढचा भाग एकमेकांना शिवून कंप पावणारी लांबी कमी करतात. सूर चढतो, पण पोकळी तेवढीच राहते आणि आवाजाचा जोर कमी होऊ शकतो. त्यानंतरही शिकणं चुकत नाही.

‘बालगंधर्वांना जमलं, तुम्हाला का नाही?’ असंही विचारणारे भेटतात. नारायण श्रीपाद राजहंस पुरुष होते, भूमिका स्त्रीची होती, आणि पडदा पडला की ती संपत असे. पारलिंगी स्त्रीला तोच आवाज शिंकताना, भांडताना, बँकेच्या खिडकीवर आणि झोपेतून उठून दुधवाल्याला ओ देतानाही हवा असतो. गाणारे ज्याला खोटा आवाज म्हणतात, त्यावर दिवस निघत नाही. संध्याकाळपर्यंत घसा बसतो.

आता भाषेकडे येऊ, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे: आवाज हा आवाज, भाषा कुठलीही असो. इंटरनेटवरचे बहुतेक धडे इंग्रजीत आहेत आणि इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी बेतलेले आहेत. त्यातला एक लाडका सल्ला म्हणजे आवाजात हवा मिसळा. इंग्रजीत ते चालून जातं. मराठीत घ, झ, ढ, ध, भ ही अक्षरं त्या हवेवरच उभी आहेत. सगळंच हवेशीर बोलायला लागलं तर ‘दार’ आणि ‘धार’, ‘गडी’ आणि ‘घडी’ यांतला फरक पुसट होतो. म्हैस आणि न्हाणी तर आधीच अर्ध्या हवेच्या. दुसरा सल्ला, वाक्याचं शेपूट वर न्या. मराठीत ‘आई आली’ हे सांगणं आहे आणि ‘आई आली?’ हे विचारणं, मधे फक्त चढणारा सूर. प्रत्येक वाक्य असं संपवलं तर ऐकणारा उत्तरं देत बसेल.

शिवाय बायकी सूर सगळीकडे एकच नसतो. रेने व्हान बेझोयेन यांनी १९९५ मध्ये जपानी आणि डच स्त्रियांच्या सुराची तुलना मांडली. जपानी बायका अधिक उंच सुरात बोलतात आणि त्यामागे समाजाची अपेक्षा आहे. दोन भाषा बोलणाऱ्या माणसाचा सूरही अनेकदा भाषेगणिक बदलतो. त्यामुळे इंग्रजीत घोटलेला आवाज आईशी मराठी बोलताना गळून पडला तर दचकू नये. मराठीचा सराव मराठीतच करावा लागतो, मुंबईच्या हिंदीचा त्या हिंदीत.

लालबाग ज्यात येतं त्या गिरणगावात तर मराठीही एक नाही. गिरण्यांसाठी रत्नागिरी-सिंधुदुर्गातून कोकणी माणूस आला, साताऱ्या-कोल्हापुराकडून घाटावरचा. एकाच चाळीत दोन्ही बोल्या वाढल्या. इंग्रजीत ‘मी जाते’ म्हणताना क्रियापद बाई-पुरुष सांगत नाही. प्रमाण मराठीत ‘जातो’ की ‘जाते’ यावरून लगेच कळतं. आवाज डळमळला तरी शेवटचं ‘ते’ सावरून घेतं, ही आपल्या भाषेने दिलेली सोय आहे. पण मालवणीत ‘मी येतंय’ बापयही म्हणतो आणि बाईही. आणि कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका खुशाल ‘मी जातो’, ‘मी आलो’ म्हणतात. तिथे वाढलेल्या पारलिंगी मुलीने ‘मी जातो’ म्हटलं तर ती चुकली, की आजीसारखी बोलली? माझ्या मते दुसरं. हिंदीत क्रियापदाचं लिंग कसं खेळवलं जातं हे कायरा हॉल आणि व्हेरोनिका ओ’डोनोवन यांनी १९९६ मध्ये बनारसच्या हिजडा समाजाच्या बोलण्यावरून दाखवलं. मराठी बोल्यांवर असं काम व्हायला हवं.

याच्याच शेजारचा गैरसमज, गावठी हेल पुरुषी वाटतो, म्हणून आधी पुण्याचं मराठी शिका. ळ आणि ण म्हणताना जीभ मागे वळते आणि वरचा एक अनुनाद उतरतो, हे ध्वनिशास्त्रात खरं आहे. पण लालबागच्या मार्केटात घाटावरची बाई ‘केळी घे, ताजी आळूची पानं घे’ असं खणखणीत ओरडते तेव्हा तिला कोणी पुरुष समजत नाही. ऐकणारा तिची तुलना तिच्यासारख्याच बायकांशी करतो. उसनं पुस्तकी मराठी घेतलं की मात्र आवाज आणि माणूस वेगळे पडतात, लोकांचे कान टवकारतात. नमुना हवा तर तो आत्या, मावशी, शेजारच्या काकू यांचा घ्यावा.

लालबागच्या मसाला गल्लीत मिरची कांडप चालू असताना किंवा गणपतीच्या गर्दीत ओरडून सराव करू नये, एवढं व्यवहाराचं. गोंगाटात माणूस नकळत जोर लावतो आणि ताणलेला घसा जुन्या आवाजाकडे पळतो. खवखव टिकली तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

आणि प्रत्येक पारलिंगी स्त्रीला आवाज बदलायचा असतो, हेही खरं नाही. जाड आवाजात सुखाने जगणाऱ्या पुष्कळ आहेत. ज्यांना बदलायचा आहे त्यांच्यासाठी पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९च्या कायद्याचं कलम १५ शस्त्रक्रिया, हार्मोन आणि समुपदेशन यांची नावं घेतं, आवाजाचं घेत नाही. पण तेच कलम डब्ल्यूपॅथ या पारलिंगी आरोग्यावरच्या जागतिक संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार आरोग्यपुस्तिका काढायला सांगतं, आणि त्या तत्त्वांच्या २०२२च्या आठव्या आवृत्तीत आवाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबई सेंट्रलचं नायर रुग्णालय आणि वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था इथे स्पीच थेरपिस्ट घडतात. त्यांच्या अभ्यासक्रमात मालवणी, घाटी आणि मुंबईची हिंदी यांतले सरावाचे उतारे असायला हवेत.

बाकीच्यांसाठी एकच विनंती. फोनवर आवाज जाड वाटला आणि समोरून ‘बोलतेय’ ऐकू आलं, तर ‘बोला ताई’ म्हणा.