समोरच्या भिंतीचा उजेड

शेडकार्डावर दोन्ही चौकोन जवळजवळ सारखेच. एकात पिवळ्याची झाक, दुसऱ्यात राखाडीची. खोली पणजीच्या फोंतेन्हासमधली, अरुंद गल्लीवर खिडकी उघडणारी. डिचोलीहून आलेल्या रंगाऱ्याने कार्ड मिटलं. "बाई, ह्यावर ठरवू नका. भिंतीवर बघू."

भिंत चिऱ्याची, वर चुन्याचा गिलावा. चिरा पावसाळाभर पाणी पितो, म्हणून रंगाचं काम पाऊस सरून भिंत सुकल्यावरच. तळहात टेकवून त्याने ओल पाहिली, खिडकीखालचे पोपडे खरवडले, पुट्टी भरून घासली आणि प्रायमर मारला. मग दोन्ही रंगांचे हातभर चौकोन, प्रत्येकी दोन हात देऊन. खिडकीशेजारी एक जोडी, आतल्या कोपऱ्यात दुसरी. चौकोनांमध्ये पांढरी पट्टी मोकळी सोडली, कारण एकमेकांना भिडले की एकाचा पिवळेपणा दुसऱ्याला उगाच निळसर करतो. ओल्या रंगावर मत द्यायचं नाही, हा त्याचा नियम. इमल्शन वाळताना सहसा गडद होतं. चुन्याचं उलट, लावताना पारदर्शक आणि वाळेल तसा पांढरा.

सकाळी दोन्ही रंग छान दिसले. सकाळी कुठलाही रंग छानच दिसतो. दुपारी ऊन समोरच्या घरावर चढलं. ते पिवळ्या गेरूचं. इथे पांढरा रंग चर्च-चॅपेलांचा आणि घरांना गेरू, निळा, विटकरी, हा पोर्तुगीज काळापासूनचा रिवाज सांगतात. त्या भिंतीवरून परतलेला उजेड आमच्या खोलीत शिरला आणि पिवळसर चौकोन आमरसासारखा दाटला. राखाडी चौकोनावर मात्र अलगद सायीची छटा आली, म्हणजे पिवळसर रंगाकडून आम्हाला जे हवं होतं तेच. रंग किती उजेड परतवतो याचं 0 ते 100 असं एक माप असतं. या दोघांचं जवळपास सारखंच. पण परतणारा उजेड मुळात कुठून येतो, ते मापात नसतं.

रात्री 6500 केल्विनच्या ट्यूबखाली राखाडी अगदी दवाखान्यासारखा दिसला. 2700चा पिवळा दिवा लावला, तर मवाळ. दिवा बदलणं भिंत बदलण्यापेक्षा स्वस्त, म्हणून राखाडी ठरला.

डबे मागवण्याआधी रंगारी खिडकीत गेला आणि समोरच्या घरात हाक मारून विचारलं, यंदा रंग कुठला? नाताळाआधी काढणार, पण तोच, असं उत्तर आलं. मग त्याने दुकानात फोन लावला.