पालघरची ती पोस्ट

17 नोव्हेंबर 2012 रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी, रविवारी, शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले आणि मुंबई बंद राहिली. त्याच दिवशी पालघरच्या एका 21 वर्षांच्या मुस्लिम मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. माणसे रोज जन्मतात, रोज मरतात, आणि आजचा हा बंद आदरापोटी नाही तर भीतीपोटी आहे, असा त्यांचा आशय होता. तिच्या हिंदू मैत्रिणीने तो मजकूर 'लाइक' केला. मुलीने पोस्ट काढून टाकली, माफीही मागितली. तरी जमाव आलाच. तिच्या काकांच्या हाडांच्या दवाखान्याची मोडतोड झाली आणि दोघींना अटक झाली. सोमवारी न्यायालयाने त्यांना प्रत्येकी 15 हजार रुपयांच्या जामिनावर सोडले.

दोघींची नावे तेव्हा जगभर छापली गेली. मी ती इथे मुद्दाम लिहीत नाही. त्या मुलींचे पुढचे आयुष्य त्यांचे आहे, आणि खासगीपणावर बोलायचे तर सुरुवात इथूनच करावी.

आता त्या मुलीने लिहिलेले वाचून पाहा. तसे बोलणे त्या दिवशी कितीतरी घरांत, चहाच्या टपरीवर झाले असेल. बोईसरच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटल्यावर रिक्षाची वाट पाहताना माणसे याहून कडक बोलतात. फरक इतकाच की बोललेले हवेत विरते आणि लिहिलेले दुसऱ्याच्या हाती राहते. पोस्ट काढली तरी कुणीतरी त्याआधीच तिचा फोटो काढून ठेवलेला असतो.

अटकेसाठी जे कलम लावले ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातले 66 अ. संगणक किंवा मोबाइलवरून कुणाला 'त्रास' किंवा 'गैरसोय' होईल असे काही पाठवले तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास कुणाला, किती, हे ठरवणार कोण? ज्याला राग आला तो आणि ठाण्यातला साहेब. शेजाऱ्याच्या भांडणातही वापरता येईल असे हे कलम 2008 च्या दुरुस्तीने आले.

पालघरच्या प्रकरणावर मात्र देशभर गदारोळ झाला. ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि तिथले वरिष्ठ निरीक्षक निलंबित झाले. (पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला.) त्या निलंबनाच्या निषेधार्थ पालघरात आणखी एक बंद झाला! मुलींवरचा खटला पुढे मागे घेतला गेला. पण खरे काम केले ते दिल्लीच्या श्रेया सिंघल या तरुणीने. पालघरची बातमी वाचून तिने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 24 मार्च 2015 रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरीमन यांनी कलम 66 अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. एखाद्या गोष्टीची चर्चा करणे, बाजू मांडणे वेगळे आणि लोकांना चिथावणे वेगळे, ही रेघ त्या निकालाने आखून दिली.

तरीही मेलेले कलम ठाण्यांतून उठत राहिले. 2021 मध्ये ही गोष्ट समोर आली तेव्हा न्यायालयालाच धक्का बसला. 2022 मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नये. म्हणून घरातल्या कुणावर असा प्रसंग आला तर पहिला प्रश्न एवढाच विचारावा : कलम कोणते? आणि हेही घरातल्या बायकांना ठाऊक असावे की सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद आहेत, पण त्यासाठीही महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते.

एवढ्यावर आपण सुटलो असे नाही. धर्माधर्मांत द्वेष पसरवणे, धार्मिक भावना मुद्दाम दुखावणे, यांची कलमे नव्या भारतीय न्याय संहितेतही आहेत, आणि ती लागतातही.

मत आणि अफवा यांतला फरक पालघर जिल्ह्यानेच आणखी कडू तऱ्हेने पाहिला. 16 एप्रिल 2020 च्या रात्री, लॉकडाऊनमध्ये, गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा चालक यांची जमावाने हत्या केली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या भागात आधीपासून पसरली होती. त्यानंतर दुसरी अफवा निघाली ती आपल्यावर. या हत्येत मुसलमान आहेत, असे मेसेज देशभर फिरले. शेवटी तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना पकडलेल्या 101 जणांची यादीच जाहीर करावी लागली. त्यात एकही मुस्लिम नव्हता. पहिल्या अफवेने तीन जीव घेतले. दुसरीने काय घेतले असते, कोण जाणे. 'खरे आहे का माहीत नाही, पण सावध राहा' म्हणून मेसेज पुढे ढकलणारे आपल्या घरांतही आहेत, आणि ते बहुधा वयाने मोठे असतात, मुले नव्हेत.

2012 नंतर पुष्कळ घरांत उलटाच धडा घेतला गेला असे मला वाटते. मुलीचे खाते बंद करा, फोन काढून घ्या, मुलगा मात्र काहीही लिहो. पालघरच्या मुलीची चूक लिहिण्यात नव्हती, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून उघड आहे. मग शिक्षा तिच्या धाकट्या बहिणींना का?

नातेवाइकांचे, मोहल्ल्याचे ग्रुप चालवणाऱ्यांना एक धास्ती असते : कुणी काही भलते टाकले तर ॲडमिन आत जाईल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितले, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, दोघांचा आधीच संगनमताचा बेत नसेल तर, ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. माणसे आत घेणे आणि बाहेर काढणे एवढेच त्या वेळी त्याच्या हाती होते. तेव्हा खालाजान, ग्रुप बंद करायची गरज नाही. ज्याने गडचिंचलेचा तो मेसेज टाकला होता, त्याला मात्र बाहेर काढा.