नेम आणि सवय : ख्रिस्ती साधनेतील संकल्पाचे स्थान

ख्रिस्ती साधनेचा विचार करताना नियमितपणा आणि संकल्प ही एकच गोष्ट असल्याचे पुष्कळदा गृहीत धरले जाते. त्यांतील भेद मराठीच्या वाक्यरचनेवरून चांगला ध्यानात येतो. ‘मला सवय लागली’ या वाक्यात क्रियापद अकर्मक असून व्यक्ती चतुर्थीत आहे. सवय तिला येऊन चिकटते. ‘त्याने नेम धरला’ या वाक्यात व्यक्ती कर्ता आहे. शिवाय ‘नेम’ म्हणजे आचरणाचा नियम आणि ‘नेम’ म्हणजे लक्ष्याचा वेध, असे दोन्ही अर्थ मराठीत रूढ आहेत.

‘दिदाखे’ या प्राचीन ग्रंथात बुधवारी व शुक्रवारी उपवास आणि दिवसातून तीन वेळा प्रभूची प्रार्थना सांगितली आहे. नेमाला ठरलेली वेळ हवी, हे येथे उघड आहे. तथापि वेळ पाळली म्हणजे वेध साधलाच असे नव्हे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात दानधर्म, प्रार्थना व उपवास या तिहींविषयी एकच इशारा आहे : लोकांनी पाहावे म्हणून ती करू नयेत. कृती तीच राहते. लक्ष्य मात्र बदलते.

लक्ष्य दररोज तपासावयाचे कसे, याची पद्धत लोयोलाचा इग्नेशियस (१४९१–१५५६) याने १५४८ साली मुद्रित झालेल्या आपल्या साधनाग्रंथात दिली. एखादा दोष निवडून सकाळी उठताच त्याविरुद्ध संकल्प करावयाचा. दुपारच्या व रात्रीच्या भोजनानंतर आत्मपरीक्षण करून, तो जितक्या वेळा घडला तितक्या खुणा आखलेल्या रेघेवर करावयाच्या. पुढे दिवसाची दिवसाशी आणि आठवड्याची आठवड्याशी तुलना होते. सर्वसामान्य परीक्षणाचे टप्पे पाच : आभार, कृपेची याचना, हिशेब, क्षमायाचना व सुधारणेचा निश्चय.

येथे एक आक्षेप संभवतो. मनुष्य कर्माने नीतिमान ठरत नाही, असे मार्टिन ल्यूथर (१४८३–१५४६) याने आग्रहाने प्रतिपादिले. मराठीतही कृपा ‘होते’. ती कोणी ‘धरत’ नाही. मग नेमाचे प्रयोजन काय? वरील क्रमातच याचे उत्तर सापडते. हिशेब तिसरा आहे. त्याआधी आभार व याचना आहेत. साधक जो नेम धरतो तो कृपा मिळविण्यासाठी नव्हे, तर मिळालेल्या कृपेकडे लक्ष वळविण्यासाठी होय.

नेम कधीतरी चुकतोच. नव्या करारात पापासाठी योजलेल्या ‘हामार्तिया’ या ग्रीक शब्दाच्या मुळाशीही लक्ष्य चुकण्याचा अर्थ आहे. हे साम्य योगायोगाचे असले तरी बोधक आहे. एखाद्या सकाळी प्रार्थना राहिली, तर नेम मोडला म्हणून साधना सोडावयाची नसते; लक्ष्य जागच्या जागीच असते, आणि वेध पुन्हा घेता येतो. उलट, एकही दिवस न चुकता केलेली, पण कशासाठी हे विसरलेली प्रार्थना ही केवळ लागलेली सवय ठरते. दैनंदिन साधनेत जपावयाचे असते ते धरण्याचे कर्तृत्व.