त्रेचाळीस घोडे आणि एक लगाम

मराठीच्या मास्तराने यंत्राच्या गोष्टी सांगाव्यात, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. पण आमचे कोल्हापूर ओतकामाच्या भट्ट्यांचे गाव आहे. उद्यमनगरात वाढलेली मुले माझ्या वर्गात बसतात. त्यांतल्याच एकाने कॉलेजच्या आवारात उभी असलेली केटीएम आरसी ३९० मला पुर्जा न् पुर्जा समजावून दिली.

गाडीची कंपनी मूळ ऑस्ट्रियाची. पण ही घडली पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात. २०१४ साली ती भारतात विक्रीला आली. सिलिंडर एकच, ३७३ सीसीचा. ताकद मात्र सुमारे ४३ अश्वशक्ती! जुनी ३५० ची बुलेट आठवा. तिचा सिलिंडर जवळजवळ तेवढाच, आणि ताकद अवघी १८. मग हे जादा पंचवीस घोडे आले कोठून?

ते आले फेऱ्यांतून. बुलेट म्हणजे खासबागेतला वजनदार मल्ल. सावकाश हालणारा, पण जोरकस. तिच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९०. या नवीचे गणित उलटे : व्यास ८९, धाव फक्त ६०. धाव आखूड, म्हणून फेरे जलद. पूर्ण भरात हे इंजिन मिनिटाला नऊ-साडेनऊ हजार फेरे घेते. दर दोन फेऱ्यांना एक स्फोट धरला, तर सेकंदाला पाऊणशेहून अधिक स्फोट झाले! एवढी आग वाऱ्याने निवत नाही. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवावे लागते.

आता आईबापांच्या काळजीचा मुद्दा. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अंतर चौपट लागते. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात ब्रेककडे हात जाण्यात एक सेकंद गेला, तरी तेवढ्यात गाडी २८ मीटर पुढे गेलेली असते. करकचून ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ नये, म्हणून हिला एबीएस यंत्रणा आहे. पण तीही ते २८ मीटर परत देत नाही. रंकाळ्याच्या वळणावर एखादे पोर चेंडूमागे धावले, तर तेवढे अंतर आणायचे कोठून?

आपल्याकडे तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी मैदानात उतरवीत नाही. घरात अशी गाडी येणार असेल, तर तोच क्रम ठेवावा. आधी लायसन, मग चांगले हेल्मेट, मग काही महिने लहान गाडीवर सराव; आणि त्यानंतरच या त्रेचाळीस घोड्यांची किल्ली मुलाच्या हाती द्यावी.