निरंतर शिक्षणाचे संगणकीय व्यासपीठ : कंटेनरद्वारे उभारणी व निगा

निरंतर वैद्यकीय शिक्षणाचे वर्ग आता सभागृहाबरोबरच संगणकावरही भरू लागले आहेत. वनस्पतिपरिचयाची छायाचित्रे, पंचकर्माची प्रात्यक्षिके, औषधनिर्मितीच्या प्रमाणित कार्यपद्धती, त्यांवरील प्रश्नपत्रिका आणि अखेरीस मिळणारे प्रमाणपत्र हे सर्व एके ठिकाणी असावे, असा विचार संघटना आणि फार्मसीचालक दोघेही करताना दिसतात. उभारणीचे काम बहुधा एखाद्या तंत्रज्ञाकडे सोपविले जाते. तो काम आटोपून जातो आणि पुढची निगा पदाधिकाऱ्यांच्या वाट्याला येते. म्हणून या यंत्रणेच्या पोटात काय चालते, याची निदान तोंडओळख आपल्याला असणे अगत्याचे आहे. प्रस्तुत लेखात मूडल या मुक्त प्रणालीचे उदाहरण घेतले आहे. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामास यांनी तिची पहिली आवृत्ती २००२ साली प्रसिद्ध केली. ती विनामूल्य आहे आणि तिची संहिता कोणालाही पाहता, बदलता येते.

मूडल एकटे चालत नाही. त्याला पीएचपी ही भाषा लागते, वेब सर्व्हर लागतो, पोस्टग्रेस्क्यूएल किंवा मारियाडीबीसारखा विदासंच लागतो आणि दर मिनिटाला चालणारे ‘क्रॉन’ नावाचे पार्श्वभूमीचे काम लागते. या प्रत्येकाची आवृत्ती परस्परांशी जुळावी लागते. मूडल ४.५ ला पीएचपी ८.१ चालते, तर मूडल ५.० ला ८.२ च्या खालचे चालत नाही. पूर्वी हे सारे एकाच सर्व्हरवर हाताने बसवीत असत आणि दोन वर्षांनी कोणता घटक कोठून आला हे कोणालाच सांगता येत नसे. २०१३ साली आलेल्या डॉकरने ही अडचण पुष्कळशी दूर केली.

फार्मसीचालकांना हा प्रकार चटकन उमगेल. कोणते घटक, कोणत्या क्रमाने, कोणत्या आवृत्तीचे घ्यावयाचे हे एका मजकुरात लिहिलेले असते. तो झाला योगाचा पाठ. त्या पाठावरून एकदा सिद्ध झालेला, शिक्का मारलेला माल म्हणजे ‘इमेज’; ती झाली बॅच. त्या बॅचमधून प्रत्यक्ष वापरासाठी काढलेली बाटली म्हणजे कंटेनर. बाटली फुटली तर त्याच बॅचमधील दुसरी घ्यावी, बाटलीत वरून काही मिसळू नये. कंटेनर काढून टाकला की त्याच्या आत लिहिलेले सर्व नाहीसे होते. जे टिकवावयाचे ते ‘व्हॉल्यूम’ नावाच्या बाहेरील कोठारात ठेवावे लागते.

येथेच सर्वाधिक नुकसान होते. मूडलमध्ये टिकवण्याजोग्या जागा दोन. पहिली विदासंच, ज्यात सभासदांची नावे, गुण, प्रश्न व प्रमाणपत्रांच्या नोंदी असतात. दुसरी ‘मूडलडेटा’ ही फाइलींची जागा. या दुसऱ्या जागेची रचना ध्यानी घेण्यासारखी आहे. आपण ‘गुडूची.पीडीएफ’ चढविली तर ती त्या नावाने साठवली जात नाही. तिच्या आशयावरून गणिताने काढलेले ४० अक्षरांचे निरर्थक भासणारे नाव तिला मिळते. एकच फाइल दहा पाठांत वापरली तरी प्रत एकच राहते, हा त्याचा लाभ. मात्र ‘गुडूची’ हे नाव आणि ती फाइल कोणत्या पाठातील हे फक्त विदासंचाला ठाऊक असते. केवळ मूडलडेटाची प्रत हाती राहिली तर निनावी पुड्यांनी भरलेले कपाट हाती येते. केवळ विदासंच राहिला तर लेबले उरतात, औषध नाही. तेव्हा दोहोंची प्रत एकाच वेळी घ्यावी. प्रत घेताना मूडल देखभाल स्थितीत ठेवणे उत्तम. रात्री उशिरा दहा मिनिटे व्यासपीठ बंद राहिल्याने कोणाचे काही अडत नाही. ती प्रत त्याच सर्व्हरवर ठेवू नये, हे सांगावयास नको खरे, पण सांगणे भाग आहे.

घेतलेली प्रत उघडते की नाही हे वर्षातून दोनदा तरी वेगळ्या संगणकावर उभी करून पाहावे. त्या वेळी चाचणीच्या यंत्रणेतून पत्रे जाऊ नयेत यासाठी मूडलच्या रचनाफाइलीत ई-मेल पूर्णतः बंद करण्याची तरतूद आहे. ती आधी करावी आणि मगच क्रॉन सुरू करावे. अन्यथा शेकडो सभासदांना जुन्या परीक्षेची स्मरणपत्रे जातात.

अद्ययावत करण्याच्या बाबतीत दोन सवयी घातक आहेत. इमेजचे नाव लिहिताना आवृत्तीऐवजी ‘लेटेस्ट’ लिहिणे ही पहिली. बॅच क्रमांक न लिहिता ‘ताजे चूर्ण’ एवढेच लेबल लावण्यासारखे ते आहे. विदासंचाच्या बाबतीत तर याचा फटका त्वरित बसतो. पोस्टग्रेस्क्यूएलची मुख्य आवृत्ती बदलली की नवा कंटेनर जुन्या कोठारावर सुरूच होत नाही. जुन्या आवृत्तीतून विदा बाहेर काढून नव्यात भरावी लागते. दुसरी सवय म्हणजे मूडलच्या पडद्यावरूनच जोडभाग बसविणे. तो जोडभाग संहितेच्या फोल्डरमध्ये, म्हणजे कंटेनरच्या आत, जातो. पुढे इमेज बदलली की फाइली नाहीशा होतात आणि विदासंचातील तक्ते तेवढे मागे राहतात. ‘कस्टम सर्टिफिकेट’ हा प्रमाणपत्रांचा लोकप्रिय जोडभाग मूडलच्या मूळ संचातील नव्हे, वेगळा बसवावा लागणारा आहे. तोच असा गळाला तर ऐन वेळी प्रमाणपत्रे निघत नाहीत. यास्तव जोडभाग पाठातच, म्हणजे इमेज तयार करतानाच, घालावेत.

स्वतःची इमेज तयार करण्याचा आग्रह मी धरतो त्याला आणखी एक कारण आहे. बिटनामी या नावाने मिळणारी मूडलची तयार इमेज अनेकांनी वर्षानुवर्षे वापरली. २०२५ साली तिच्या मालकीच्या ब्रॉडकॉम कंपनीने विनामूल्य भांडार बव्हंशी आवरते घेतले आणि जुन्या इमेजेस ‘लेगसी’ नावाच्या निराळ्या कोठारात हलविल्या, जेथे पुढील सुरक्षासुधारणा मिळत नाहीत. दुसऱ्याच्या तयार अर्कावर सर्व उत्पादन अवलंबून ठेवले की असे प्रसंग यावयाचेच. मूडलच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला तीन वर्षे सुरक्षासुधारणा मिळतात. छोट्या संघटनेने तीच धरावी. ४.५ ही त्या प्रकारची आवृत्ती होय. तिच्यावर येण्यासाठी आधी निदान ४.१.२ असावी लागते, म्हणून फार जुन्या आवृत्तीवरून एकाच उडीत येता येत नाही.

किरकोळ भासणाऱ्या काही गोष्टीही व्यासपीठ बंद पाडतात. डॉकरच्या नोंदवह्यांना मुळात आकाराची मर्यादा नसते. त्या वाढत जाऊन डिस्क भरते व विदासंच थांबतो. उबंटूवर संरक्षक भिंत लावली तरी डॉकरने उघडलेले द्वार तिला वळसा घालून बाहेर दिसते, म्हणून विदासंचाचे द्वार बाहेर उघडूच नये. कंटेनर आवरण्याच्या आज्ञेत कोठारेही पुसण्याचा एक पर्याय असतो, तो कोणाच्या सवयीत बसू देऊ नये. पीएचपीची मूळ चढवणी-मर्यादा २ एमबी असते, त्यामुळे शिरोधारेची चित्रफीत ‘चढत नाही’ अशी तक्रार पहिल्याच आठवड्यात येते. मर्यादा वाढविता येते. तथापि मोठ्या चित्रफिती चित्रफितींसाठीच असलेल्या सेवेवर ठेवून मूडलमध्ये दुवा देणे अधिक शहाणपणाचे.

सर्व्हर केवढा घ्यावा? मूडलच्या मार्गदर्शिकेतील ढोबळ हिशेब असा, की १ जीबी स्मृतीमागे एकाच वेळी १० ते २० जण. नित्याच्या वाचनाला त्याने भागते. परीक्षेला भागत नाही, कारण रात्री ८ वाजता सर्वजण एकदम येतात आणि प्रत्येकाची उत्तरपत्रिका दर मिनिटाला आपोआप साठवली जाते. मोठा सर्व्हर घेण्यापेक्षा परीक्षा दोन दिवस खुली ठेवावी. बाह्यरुग्ण विभाग सांभाळणाऱ्या वैद्यांनाही तेच सोयीचे पडते.

रुग्णवृत्तान्त चढविताना रुग्णाचे नाव, चेहरा व नोंदणी क्रमांक काढून टाकावेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाचा विषय आहेच, परंतु वैद्याला त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागू नये. त्वग्विकाराची छायाचित्रे मूळ स्वरूपात एकदा चढली की ती प्रत्येक राखीव प्रतीतही जातात आणि तेथून निवडून काढणे दुष्कर होते.

मराठी प्रमाणपत्रांविषयी एक व्यावहारिक सूचना. पीडीएफ तयार करण्यासाठी मूडल जी सामग्री वापरते तिच्यात देवनागरीची जोडाक्षरे व वेलांट्या नीट जुळत नाहीत. ‘वैद्य’ हाच शब्द मोडून पडतो! मराठी मजकूर पार्श्वभूमीच्या चित्रात घालावा. सभासदाचे नाव मात्र प्रत्येक प्रमाणपत्रावर निराळे येणार, म्हणून ते तूर्त रोमन लिपीत ठेवणे हाच निर्वेध मार्ग आहे.

याच प्रमाणपत्रावर पडताळणीचा संकेतांक व क्यूआर कोड छापता येतो. त्यात संघटनेच्या संकेतस्थळाचा पत्ता असतो. ते नाव, सर्व्हरचे खाते आणि राखीव प्रतींची किल्ली तंत्रज्ञाच्या वैयक्तिक नावावर न ठेवता संघटनेच्या नावावर, दोन पदाधिकाऱ्यांच्या हाती असावी. नावाचे वार्षिक नूतनीकरण राहिले आणि ते नाव दुसऱ्या कोणी घेतले, तर आजवर दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावरील कोड त्या परक्याच्या पानावर उघडेल.