नऊ नंबरचे गमबूट

पहाटे ५.३०
गोवंडीतल्या शिवाजीनगरच्या गल्लीत नळाला पाणी नाही. मी आज दिवसभर भाऊंसोबत आहे. भाऊ दोन कॅन विकत घेतात. ४० रुपये गेले. त्यांचे वडील, आजोबा दोघेही सफाईतच. वडील निदान पालिकेत कायम होते. भाऊ ठेकेदाराकडे रोजावर. ६०० रुपये, तेही काम असेल तर.

७.४५
बैगनवाडीचा नाका. कटिंग १० रुपये. सक्शनची गाडी येते. पाइप, पहार, दोरी, घमेली. गमबूट एकच जोड, सात नंबरचे. भाऊंना नऊ लागतात.

९.१०
सोसायटीची टाकी. भाऊ पहार अडकवून झाकण सरकवतात, तोंड वळवून मागे होतात. गॅस निघून जाईपर्यंत जवळ जायचं नाही. मग पाइप. वरचं पातळ जातं, तळाचा गाळ बसलेला. पाइप घुरघुरतो.
सेक्रेटरी म्हणतात, "माणूस उतरवा की. ५०० वरचे देतो."
"नाही साहेब. २०१९च्या डिसेंबरात इथेच गोवंडीत तिघं टाकीत गेले."
पाणी मारून, बांबूने ढवळून गाळ सैल करायला अकरा वाजतात.

१.३०
भाकरी, बटाट्याची भाजी. वॉचमन बाटली उंच धरून ओंजळीत पाणी ओततो. भाऊ काही बोलत नाहीत. मला मात्र त्याने ग्लास दिला होता.
युनियनचा पोरगा फॉर्म भरून घ्यायला येतो. बोलका आहे. त्या तिघांच्या बायकांना दहा-दहा लाख द्या, असं हायकोर्टाने २०२१मध्ये सांगितलं. सुप्रीम कोर्टाने २०२३मध्ये अशा मृत्यूंची भरपाई तीस लाखांवर नेली. मग गाडी डर्बनवर जाते. २००१ची वंशवादविरोधी जागतिक परिषद. आपली माणसं जातीचा प्रश्न घेऊन तिथवर गेली. सरकार म्हणालं, जात म्हणजे वंश नव्हे. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या जिनिव्हातल्या समितीने जन्मावरून होणाऱ्या भेदभावात जातही धरली.
भाऊ भाकरीचा तुकडा मोडतात. "नऊ नंबरचे गमबूट देतात का, विचार त्यांना."

४.००
दुसरं काम, सार्वजनिक संडासाचं. तासाभरात उरकतं.

६.४०
मुकादम ५०० हातावर ठेवतो. सोसायटीची तक्रार आहे, गाळ राहिला म्हणे. भाऊ वहीत सही करतात.
"उद्या पोराला आण. बारीक आहे, झाकणातून जाईल."
"तो कॉलेजला जातो."
"मग दुसरा कोणी बघ. तुमच्यातलाच."