दारूचा आजार : शपथेआधी दवाखाना

या पानावर आम्ही एरवी बेणे, खते आणि पाणीपाळ्या यांविषयी लिहितो. या खेपेस दारूविषयी लिहीत आहोत. रिद्धपूर भागात प्लॉट पाहत फिरताना आयाबाया उसापेक्षा घरातल्या माणसाचीच तक्रार जास्त सांगतात. "ऊस बरा आहे साहेब, पण आमच्या मानसाचं काही सांगा," असे त्यांचे म्हणणे.

आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे शपथ. रिद्धपूर हे तर श्रीगोविंदप्रभूंचे स्थान आणि महानुभाव पंथात दारू वर्ज्य. देवापुढे शपथ घेऊन सुटलेली माणसे आम्हीही पाहिली आहेत, तेव्हा शपथेला आमचा विरोध नाही. पण जो वर्षानुवर्षे रोज पितो, सकाळी उठताच ज्याचे हात कापतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात, त्याने एकाएकी दारू बंद केली तर जिवावर बेतू शकते. हे पुष्कळांना ठाऊक नाही.

मागल्या एका हंगामात या भागातील एका सभासदाने असेच केले. पहिल्या दिवशी घाम आणि कापरे, रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी मिरगीसारखा झटका. तिसऱ्या दिवशी "अंगावर किडे फिरून राह्यले" म्हणू लागला, घरच्यांना ओळखेना. शेजारी म्हणाले, बाहेरची बाधा आहे, बांधून ठेवा. घरची बाई खंबीर, तिने गाडी करून दवाखाना गाठला म्हणून माणूस वाचला. बाधा वगैरे काही नव्हती. रोजच्या दारूला मेंदू सरावतो. ती अचानक तुटली की तो बेफाम होतो. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात आणि भ्रम साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी. दवाखान्यात क्लोरडायझेपॉक्साइडसारखे औषध देऊन ते रोज थोडे थोडे कमी करतात आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात. आपल्या लोकांचा हट्ट असतो, "आधी सलाईन लावा." पण बी-१ न देता नुसते ग्लुकोज चढवले तर अशा रोग्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून दारूची गोष्ट डॉक्टरापासून लपवू नये.

लाल कुज लागलेला ऊस बाहेरून हिरवागार दिसतो. कांडे उभे चिरावे तेव्हा आतला तांबडा रंग दिसतो. दारूचेही तसेच. किती पितो एवढ्यावर निदान होत नाही. डॉ. युइंग यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेले चार प्रश्न डॉक्टर आजही विचारतात. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? लोक पिण्यावरून बोलले की राग येतो का? पिण्याबद्दल मनाला खंत वाटते का? सकाळी उठताच घ्यावी लागते का? दोन उत्तरे 'हो' आली की तपासणी करून घ्यावी. दारूखाली उदासीचा आजार दडलेला असू शकतो. पिणे थांबून दोन-चार आठवडे झाले तरी मन उठत नसेल, तर त्याचा वेगळा इलाज लागतो. जीव देण्याची भाषा करणाऱ्याला मात्र त्याच दिवशी न्यावे.

दारूच्या आजाराची जागा मनोविकाराच्या दवाखान्यातच आहे. पुण्याचे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारूच्या दुरुपयोगातून होणारे मनाचे विकार मानसिक आजारांत धरले आहेत. तरी "वेड्याच्या दवाखान्यात काहून जाऊ?" हा प्रश्न येतोच. रिद्धपूरकरांनी तरी या शब्दाला भिऊ नये. गोविंदप्रभूंनाही लोक वेडे म्हणत, असे लीळांत आहे.

आता एक सक्त सूचना. "रोग्याच्या नकळत दारू सोडवा" अशा जाहिरातींच्या पुड्या भाजीत कालवू नयेत. डायसल्फिराम नावाची गोळी खरी आहे. दारूवरचा तिचा उपयोग १९४८ साली डेन्मार्कमध्ये पुढे आला. ती घेऊन वर दारू प्याली की तोंड लाल होते, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो. माणूस दगावूही शकतो. म्हणून ती रोग्याच्या संमतीने आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच देतात. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी दुसरी औषधेही आहेत. गोळ्यांबरोबर रोग्याशी आणि घरच्यांशी बोलणे, अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या बैठका, हेही लागते. एकदा सुटून पुन्हा प्याला तर शिव्या न देता परत न्यावे. मधुमेहवाल्याची साखर पुन्हा वाढली तर आपण त्याला घराबाहेर काढत नाही.

अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, म्हणजे आपल्या इर्विनमध्ये, मानसोपचार विभाग आहे. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. फोनवर सल्ला हवा तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. झटका आला किंवा भ्रम झाला तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा. ज्यांना कुणासमोर विचारणे जड जाते, त्यांनी प्लॉटवर आम्ही एकटे असताना विचारावे. नाव कुठे जाणार नाही.